झटपट गोड-तिखट कांद्याचे लोणचे : पथ्य की अपथ्य?

आषाढ शुद्ध नवमी, म्हणजेच कांदेनवमी, जवळ येऊ लागली की आमच्या चिकित्सालयात दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "वैद्यराज, कांदा चालेल ना?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "आणि लोणचं?" या दोन्ही प्रश्नांची आम्हां वैद्यांची उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कांदा टाळा, लोणचे बंद करा. असे उत्तर देण्यास अर्धे मिनिटही लागत नाही व रुग्णही मान डोलावून निघून जातो. परंतु तो पदार्थ कसा केलेला आहे, त्यात काय व किती घातले आहे, तो किती खाल्ला जाणार आहे, हे आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात घरच्या घरी तासाभरात होणाऱ्या गोड-तिखट कांद्याच्या लोणच्याचा याच दृष्टीने विचार करावयाचा आहे. त्याची कृती, त्या कृतीमागील कारणे, आणि ते कोणास द्यावे व कोणास देऊ नये, असा हा क्रम आहे.

विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. तो किरकोळ का नाही, हे आम्हांला एका रुग्णेने शिकविले.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका आमच्याकडे उपचारासाठी येत असत. वय ७२. दीर्घकाळच्या ज्वरातून उठलेल्या, अग्नी मंद, अंगात त्राण नाही. आम्ही औषधयोजना केली व सवयीप्रमाणे पथ्याचा कागद दिला. आंबट, खारट, तिखट, कांदा व लोणचे वर्ज्य, मऊ भात व मुगाचे वरण घ्यावे, असे त्यावर लिहिले. महिन्याने त्या आल्या तेव्हा वजन ४६ किलोवरून ४२ वर आले होते. सूनबाई म्हणाल्या, "पथ्य अगदी काटेकोर पाळलं हो, पण आई दोन घासांवर उठतात." रुग्णेने आपल्या शब्दांत सांगितले, "औषध घेते मी वेळेवर. पण घास तोंडात नुसता फिरत राहतो, खाली उतरतच नाही."

ज्वर गेला होता, आमावस्थेची लक्षणे उरली नव्हती, जिव्हा स्वच्छ होती. उरली होती ती अरुची, आणि ती अरुची आमच्या कागदाने वाढविली होती. वर्ज्य पदार्थांची यादी देताना त्यांच्या जागी काय घ्यावे, हे आम्ही सांगितलेच नव्हते. त्या दिवशी आम्ही तो कागद परत घेतला. जेवताना सोबत आले-लिंबू-सैंधव घ्यावे व सूनबाईंनी घरी केलेल्या कांद्याच्या ताज्या लोणच्याच्या दोन-तीन चकत्या तोंडी लावाव्यात, असे सांगितले. पुढील सहा आठवड्यांत वजन अडीच किलोंनी वाढले. याचे श्रेय लोणच्यास देणे अप्रामाणिकपणाचे होईल. बळ आले ते भाकरीने, वरणाने व तुपाने. लोणच्याने तो घास घशाखाली उतरविला, एवढेच. मात्र अरुचीच्या रुग्णात 'एवढेच' हेच अनेकदा चिकित्सेचे निम्मे काम असते.

ग्रंथांतील पलांडू

पलांडूविषयी संहिताकारांचे म्हणणे एकत्र वाचले असता काही मतभेद दिसतात व ते उद्‌बोधक आहेत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात हरितवर्गात त्याचे वर्णन केले आहे. तो कफकर, वातघ्न, परंतु पित्तशामक नसलेला, आहारात योजण्याजोगा, बल्य, गुरू, वृष्य व रोचक आहे, असा त्याचा आशय. सुश्रुताचार्य त्यास कटू, तीक्ष्ण, वातहर, अति उष्ण नसलेला, किंचित पित्तकर व अग्निवर्धक मानतात. वाग्भटाचार्य तो लसणीपेक्षा गुणांनी उणा, कफकर व फारसा पित्तकर नसलेला सांगतात. भावप्रकाशात तर तो रसाने व विपाकाने मधुर तसेच अनुष्ण म्हटला आहे.

एक आचार्य कटू-तीक्ष्ण म्हणतात आणि दुसरे मधुर, हे कसे? आमच्या मते व्यवहारात याचा उलगडा सहज होतो. मुठीने फोडलेला कच्चा कांदा भाकरीबरोबर खाणाऱ्यास तो तिखट लागतो, आणि तोच कांदा तव्यावर भाजला की गोड लागतो. आधुनिक रसायनशास्त्राने याचे कारण दिले आहे. अखंड कांद्यात तिखटपणा तयार स्वरूपात नसतो. कांदा चिरला की पेशी फुटतात, त्यांतील गंधकयुक्त द्रव्य व त्यावर क्रिया करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, एकत्र येतात व तीक्ष्ण, उडून जाणारी द्रव्ये निर्माण होतात. डोळ्यांतून पाणी आणणारे द्रव्य तयार करणारे स्वतंत्र विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पुढे आले. उष्णतेने ही विकरे निकामी होतात, आम्लाने त्यांची क्रिया मंदावते. म्हणून चिरलेल्या कांद्यावर गरम आंबट पाक ओतला की त्याचा तीक्ष्णपणा उतरतो, मूळचा मधुर रस वर येतो आणि करकरीतपणाही बऱ्याच अंशी टिकतो. संस्काराने गुणांतर होते, हे आपले तत्त्व येथे जिभेवर पडताळता येते.

शुक्त आणि आसुत

कांदा शिरक्यात मुरविणे ही हॉटेलांतून आलेली नवी टूम आहे, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. आपल्या ग्रंथांत शुक्त ही आंबविलेल्या द्रवाची कल्पना स्पष्टपणे आलेली आहे. गूळ, उसाचा रस, मद्य, द्राक्षे यांपासून केलेल्या शुक्तांचा निर्देश करून वाग्भटाचार्य ती उत्तरोत्तर लघू असल्याचे सांगतात. त्याच ठिकाणी कंद, मुळे, फळे इत्यादी शुक्तात मुरवून केलेले 'आसुत' हे गुणांनी शुक्तासारखेच समजावे, असेही सांगितले आहे. चरकसंहितेतही याच आशयाचा उल्लेख आहे. शार्ङ्गधराने तर कंदमूलफलादी द्रव्ये स्नेह व लवण यांसह द्रवात ठेवून होणाऱ्या पदार्थासच शुक्त म्हटले आहे. तेव्हा व्हिनेगरमधील कांदा हे कल्पनेच्या दृष्टीने पलांडूचे आसुतच होय.

शुक्ताचे गुण मात्र नीट ध्यानी घेतले पाहिजेत. ते रोचक, दीपन व वातानुलोमन आहे, तसेच अत्यंत उष्ण व तीक्ष्ण असून रक्त, पित्त व कफ यांचा उत्क्लेश करणारे आहे. या एका वर्णनातच त्याचे पथ्यत्व व अपथ्यत्व दोन्ही सामावले आहे. मंदाग्नी, वाताधिक्य व अरुची असलेल्यास जे उपकारक, तेच पित्तप्रधान व रक्तदुष्टी असलेल्यास अपायकारक. आपण पुढे जी कृती पाहणार आहोत, तिच्यातील गूळ हा मधुर रसाने अम्ल-कटूची तीव्रता काही अंशी आवरतो. परंतु त्यामुळे मूळ गुण बदलून ते पित्तशामक होते, असे कोणी समजू नये.

साहित्य

घट्ट, कोरडे, लाल सालीचे कांदे ५०० ग्रॅम (सोलल्यावरचे वजन). आंबवून केलेले व्हिनेगर २५० मि.लि. पाणी १२५ मि.लि. चिरलेला गूळ ७५ ग्रॅम. सैंधव १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चहाचे चमचे. सालासकट धुऊन मग सोललेले व काड्यांसारखे उभे चिरलेले आले २० ग्रॅम. सुक्या लाल मिरच्या ३ किंवा ४, देठ व बहुतेक बिया काढून. अख्खी मिरी ८ ते १०, लवंगा २, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. मोहरीची डाळ एक चहाचा चमचा.

कांद्याची निवड महत्त्वाची आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात निघणारा उन्हाळ कांदा घट्ट, कमी पाणी असलेला व टिकाऊ असतो. नाशिककडे तो चाळीत साठवून पुढे पावसाळाभर बाजारात येतो. या लोणच्यास तोच उत्तम. पावसाळ्यानंतर येणारा खरिपाचा लाल कांदा पाणीदार असल्याने लवकर मऊ पडतो. अलिबागकडे वेण्या बांधून विकला जाणारा पांढरा कांदा मुळातच गोडसर असतो. तो वापरल्यास गूळ निम्मा पुरतो, मात्र लोणच्यास गुलाबी रंग येत नाही. बाहेरच्या पापुद्र्यावर काळी भुकटी दिसल्यास ती बुरशी समजावी. वरचे पापुद्रे काढून कांदा स्वच्छ धुवावा, आणि आतही काळेपणा अथवा मऊपणा असल्यास तो टाकून द्यावा.

कृती

१) रुंद तोंडाची काचेची किंवा चिनी मातीची बरणी उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी.

२) कांद्याच्या पातळ गोल चकत्या कराव्यात. जाडी साधारण तीन मिलिमीटर असावी. फार जाड ठेवल्यास आंबटपणा आतपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो.

३) स्टीलच्या पातेल्यात पाणी व गूळ तापवावा. गूळ विरघळला की बारीक गाळणीतून किंवा फडक्यातून गाळून घ्यावा. गुळात माती, काड्या असतातच. गाळलेले पाणी पुन्हा आचेवर ठेवून त्यात सैंधव, मिरी, लवंग, दालचिनी व मिरच्या घालून दोन-तीन मिनिटे उकळावे.

४) आता व्हिनेगर घालावे. एक उकळी फुटली की लगेच आच बंद करावी. आंबटपणा देणारे ॲसिटिक आम्ल वाफेबरोबर उडून जाते, म्हणून व्हिनेगर फार वेळ उकळू नये.

५) बरणीत कांदा व आले यांचे थर द्यावेत. काचेची बरणी असल्यास आधी कोमट पाण्याने शेकून घ्यावी, नाहीतर गरम पाकाने तडकते. पाक दोन मिनिटे निवू देऊन मसाल्यासह कांद्यावर ओतावा व स्वच्छ चमच्याने चकत्या दाबाव्यात. आरंभी पाक थोडा कमी वाटतो, परंतु दहा-पंधरा मिनिटांत कांदा मऊ होऊन खाली बसतो व पाकात बुडतो.

६) पाक पूर्ण गार झाल्यावर मोहरीची डाळ मिसळावी. मोहरीचा झणझणीतपणाही विकराच्या क्रियेनेच उत्पन्न होतो. गरम पाकात घातल्यास ती नुसती कडवट लागते.

७) तासाभरात चकत्या गुलाबी होतात व लोणचे खाण्यायोग्य होते. दुसऱ्या दिवशी ते अधिक मुरलेले लागते. गार झाल्याबरोबर बरणी फ्रिजमध्ये ठेवावी व आठ-दहा दिवसांत संपवावी.

लाल कांद्याच्या सालीजवळचे रंगद्रव्य आम्लात गुलाबी होते. हा रंग सर्व चकत्यांवर सारखा आला की आंबटपणा सर्वत्र पोहोचल्याचे गृहिणीस डोळ्यांनी कळते. कोणी यात लसूण घातल्यास ती कधीकधी हिरवट-निळसर होते. हा आम्लाशी होणाऱ्या क्रियेचा परिणाम असून त्यात धोका नसतो.

भांडे, व्हिनेगर आणि मध : तीन सूचना

तांब्या-पितळेच्या अथवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात हे लोणचे करू नये व ठेवू नये. अम्लाचा ताम्रावर काय परिणाम होतो, हे रसशास्त्राच्या अभ्यासकांस सांगावयास नको. ताम्रशोधनात आपण अम्ल द्रव्ये योजतो ती याच कारणाने. तांब्याच्या भांड्यातील पाणी आरोग्यदायी म्हणून लोणचेही त्यात ठेवणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

बाजारातील व्हिनेगर दोन प्रकारचे असते. एक आंबवून केलेले, ज्यास शुक्ताशी साधर्म्य आहे. दुसरे ॲसिटिक आम्लात पाणी मिसळून केलेले, ज्याच्या बाटलीवर 'सिंथेटिक' असा उल्लेख असतो. आपल्याकडील नियमांनुसार व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के ॲसिटिक आम्ल असावे लागते. पाक करताना व्हिनेगरच्या निम्म्यापेक्षा अधिक पाणी घालू नये, हे आम्ही या हिशेबानेच सांगतो. रसायनांच्या दुकानातून तीव्र आम्ल आणून घरी पातळ करण्याचा उद्योग कोणीही करू नये. घरी केलेल्या शुक्ताचे आम्लत्व मोजलेले नसते. ते वापरावयाचे असल्यास लोणचे त्याच दिवशी संपवावे. व्हिनेगर नको असलेल्यांनी लिंबाचा रस वापरावा. तो उकळू नये, निवलेल्या पाकात मिसळावा, व असे लोणचे फ्रिजमध्ये ठेवूनही दोन दिवसांत संपवावे.

गुळाऐवजी मध घालावा काय, असे अनेक जण विचारतात. उष्ण मध निषिद्ध आहे, आणि या कृतीत पाक गरम ओतावयाचा असल्याने मधाचा आग्रह धरू नये. येथे गूळच योग्य.

टिकविणारे काय?

आपल्या आजीच्या बरणीतील कैरीचे लोणचे वर्षभर टिके, मग हे आठ-दहा दिवसांत का संपवावयाचे? कारण दोहोंची घडण भिन्न आहे. वर्षभराचे लोणचे प्रामुख्याने मिठावर टिकते. मीठ हेच टिकविणारे द्रव्य असेल, तर ते शेकडा १२ च्या आसपास किंवा त्याहून अधिक लागते. वर तेलाचा थर असतो आणि कैरी स्वभावतः आंबट असते. प्रस्तुत लोणच्यात मीठ शेकडा १ च्या जवळपास आहे व तेल मुळीच नाही. ते टिकते ते व्हिनेगरच्या आंबटपणावर व फ्रिजमधील थंडाव्यावर. म्हणून यांपैकी एकही गोष्ट कमी करू नये.

कांदा स्वतः आंबट नसतो, आणि कंद जमिनीतून येत असल्याने त्यासोबत मातीतील जंतूंची बीजे येऊ शकतात. बोट्युलिझम या भयंकर विषबाधेचे जंतू हवा नसलेल्या, कमी आम्ल जागी वाढतात. सामू, म्हणजे पीएच, ४.६ च्या खाली असल्यास ते वाढू शकत नाहीत. १९८३ साली अमेरिकेतील पिओरिया येथे मार्गारीनमध्ये परतून तसाच कोमट ठेवलेला कांदा खाल्ल्याने २८ जणांना ही विषबाधा झाली होती. तेथे वर स्निग्ध थर होता, आत आम्ल नव्हते आणि थंडावाही नव्हता. यावरून घ्यावयाचा बोध असा की, या लोणच्यावर 'टिकावे म्हणून' तेल ओतून ते बाहेर ठेवणे ही सुधारणा नसून धोका आहे. वास बदलला, पाक गढूळ वा तार सुटणारा झाला, बुडबुडे येऊ लागले, तर चव घेऊन पाहण्याच्या फंदात न पडता बरणी रिकामी करावी. विषबाधेची प्रत्येक वेळी वासाने वा चवीने कल्पना येतेच असे नाही, म्हणून दिवसांची मर्यादाही पाळावी.

कोणास, किती व केव्हा

मात्रा हा पथ्याचा प्राण आहे. प्रौढ व्यक्तीस एका जेवणात १५ ते ३० ग्रॅम, म्हणजे दोन ते चार चकत्या, पुरेशा होत. पाक निथळून घ्यावा, पिऊ नये. ३० ग्रॅम लोणच्यातून मीठ साधारण ०.३ ग्रॅम व गूळ दोन-अडीच ग्रॅम पोटात जातो. वर्षभराच्या लोणच्याची अर्धी फोड खाणाऱ्याच्या पोटात याहून कितीतरी अधिक मीठ जाते. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस लक्षात घेतली तर हा फरक लहान नाही.

हे लोणचे द्यावे ते आमावस्था संपल्यानंतर उरलेल्या अरुचीत, वातप्रधान व मंदाग्नी प्रकृतीत, कोरडी भाकरी हेच मुख्य अन्न असलेल्यांस, आणि बाजारच्या तेलकट लोणच्याची सवय सोडवू इच्छिणाऱ्यांस. रिकाम्या पोटी देऊ नये. भाकरी, वरण-भात, मुगाची खिचडी यांसोबत जेवणाच्या पूर्वार्धात द्यावे. दूध, खीर, शिकरण यांच्यासह किंवा लगोलग देऊ नये, कारण अम्लाचा दुधाशी विरोध आहे. खाल्ल्यावर चूळ भरावी, म्हणजे दातांवर आम्ल रेंगाळत नाही.

देऊ नये ते अम्लपित्त, परिणामशूल, मुखपाक, रक्तपित्त, रक्तार्श आणि दाह-कंडू असलेले त्वग्विकार यांत. नवज्वरात व आमावस्थेतही नको. ग्रहणीच्या रुग्णांत विशेष सावध असावे. कांद्यात फ्रुक्टान नावाची शर्करा असते, ती लहान आतड्यात पचत नाही व पुढे वायू उत्पन्न करते. ज्यांना कांद्याने आध्मान होते, त्यांना शिरक्यातील कांद्यानेही ते होऊ शकते. मधुमेहींसाठी गूळ वगळावा. टिकण्याच्या दृष्टीने त्याने बिघडत नाही, फक्त आंबटपणा अधिक जाणवतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. सैंधव वापरले म्हणजे रक्तदाबाच्या रुग्णाने मीठ मोजावयास नको, असे अनेकांना वाटते, आणि त्यात आपल्या काही व्यवसायबंधूंचाही वाटा आहे. सैंधव हे लवणांत श्रेष्ठ मानले आहे हे खरे, परंतु तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. रक्तदाब, शोथ व वृक्कविकार यांत त्याचेही मोजमाप हवेच. वृक्कविकाराच्या रुग्णास आहारतज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर काहीही सुचवू नये.

ऋतूचा विचार करता, वर्षा ऋतूत अग्नी मंद व वात प्रकुपित असतो, म्हणून आहारात अम्ल-लवण-स्नेह स्पष्ट असावेत, असा शास्त्राचा आदेश आहे. हे लोणचे त्या काळास अनुकूल. शरदात पित्त प्रकुपित होते, तेव्हा ते बंद ठेवावे. ग्रीष्मातही हात आखडता घ्यावा. हेमंत व शिशिरात माफक प्रमाणात चालते.

आता कोणी म्हणेल, वर्षा ऋतू म्हणजे चातुर्मास, आणि त्यात तर घरोघरी कांदा वर्ज्य! कांदेनवमीस भजी, थालीपिठे खाऊन मग आषाढी एकादशीपासून कांदा-लसूण बंद, ही आपली रीत आहे. हा व्रताचा विषय आहे, व रुग्णाची श्रद्धा मोडण्याचे वैद्यास कारण नाही. ज्यांच्या घरी कांदा चालत नाही, त्यांच्यासाठी हीच कृती कोवळ्या मुळ्याच्या चकत्यांवर अथवा आल्याच्या काड्यांवर करता येते. आले वापरल्यास मात्रा चिमूटभर काड्यांची ठेवावी. मुळाही ज्यांस नको, त्यांनी जेवणाच्या आरंभी आले व सैंधव घ्यावे.

दुसरी बाजू

वरील सर्व वाचून कोणी 'कांद्याचे लोणचे पाचक असते' अशी पाटी लावून मोकळे होऊ नये, म्हणून दुसरा एक अनुभव सांगतो. तिशीतील एक तरुण छातीत जळजळ व आंबट ढेकर घेऊन आला. रात्रपाळीची नोकरी, जेवण बाहेर. चौकशीअंती कळले की, शिरक्यातील कांदा पचनास चांगला असे कोणाकडून तरी ऐकून तो रोज रात्री अख्खी वाटी संपवीत असे, वर उरलेला पाकही पीत असे. "वैद्यराज, तुमच्याच शास्त्रात सांगितलंय ना?" असे त्याने आम्हांसच विचारले. शास्त्रात सांगितले आहे खरे, पण त्याच वाक्यात रक्तपित्ताचा उत्क्लेशही सांगितला आहे. वाटी बंद केली, जेवणाची वेळ सुधारली व पित्तशामक औषध दिले. तीन आठवड्यांत त्याची जळजळ बरीच कमी झाली.

एकीस आम्ही जे नाकारून चुकलो, तेच दुसऱ्यास कोणीतरी सरसकट देऊन चुकले. दोन्ही चुकांचे मूळ एकच. पदार्थाचे नाव ऐकून निर्णय दिला गेला. रुग्ण, अग्नी, ऋतू व मात्रा पाहावयाची राहून गेली.

समारोप

आम्ही हल्ली पथ्याच्या कागदावर 'वर्ज्य' या रकान्याशेजारी 'त्याऐवजी' असा दुसरा रकाना ठेवला आहे. एक पदार्थ काढला तर त्याच्या जागी एक तरी लिहावयाचा, असा नियम स्वतःस घालून घेतला आहे. त्या रकान्यात काही रुग्णांसाठी या लोणच्याची कृती, चकत्यांची संख्या व किती दिवसांत संपवावे, हे तिन्ही लिहून देतो. कागद लिहिण्यास पाच मिनिटे अधिक लागतात. परंतु पथ्य मोडल्याची लपवाछपवी कमी झाली व रुग्ण काय खातात ते मोकळेपणाने सांगू लागले, हा आमचा अनुभव आहे.

वैद्यबंधू-भगिनींनी ही कृती प्रथम स्वतःच्या घरी करून पाहावी, चाखावी, व मगच रुग्णांस सांगावी, ही विनंती. शुक्त व आसुत यांचे अन्य घरगुती प्रकार आपल्या परिसरात प्रचलित असल्यास त्यांची मोजमापे व रुग्णांवरील अनुभव अवश्य कळवावेत. पुढील अंकांत त्यांचा परामर्श घेण्याचा आमचा मानस आहे.